अडसराचा रविवार

फ्लोरिमों सुतार शिट्टी वाजवल्याशिवाय काम करत नसे. म्हणून त्याची शिट्टी मध्येच तुटली, तेव्हाच सोलांजला कळायला हवं होतं. पण ती चर्चच्या आत झाडत होती. तिला वाटलं, बसला असेल हातोडा बोटावर; त्याच्या बोटांना ते काही नवीन नव्हतं.

"सोलांज, जरा बाहेर ये," त्याने हाक मारली.

"एवढ्या दोन पायऱ्या होऊ देत."

"पायऱ्या गेल्या खड्ड्यात! ये म्हणतो ना."

ती झाडूसकट बाहेर आली. फ्लोरिमोंने तिच्यामागे दार ओढून घेतलं आणि बाजूला झाला. दुरुस्तीसाठी दारावरून काढलेला गंजलेला लोखंडी पत्रा गवतात पडला होता आणि त्याचे खिळे एका डब्यात गोळा केलेले होते. पत्रा होता तिथलं ओकचं लाकूड काळंकुट्ट दिसत होतं.

"कुऱ्हाडीचे घाव कुठेत?" सोलांजने विचारलं.

"तेच तर म्हणतोय. नाहीतच."

ब्वासेल गावात जन्मलेल्या कुणालाही त्या दाराची गोष्ट झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येई. चर्च कसलं, गढीच ती. विटांच्या भिंती दोन हात जाडीच्या, दोन्ही अंगांना गोल बुरूज, बुरजांत बंदुकीच्या फटी. वर, देवाच्या डोक्यावर, अख्ख्या गावाला मावेल असं दालन, त्यात चूल आणि भाकरीची भट्टी. खाली विहीर. आणि आत शिरायला हे एकच दार, तेही इतकं बुटकं की घोड्यावरच्याला खाली उतरावंच लागावं. सोळाशे पन्नासच्या डिसेंबरात स्पॅनिश फौज आली तेव्हा गाव गुरांसकट आत शिरलं. जाँ त्रिकोतोने भिंतीतला अडसर ओढून दाराला लावला आणि रात्रभर त्याला पाठ देऊन उभा राहिला. बाहेरून स्पॅनिशांनी कुऱ्हाडी चालवल्या, अडसर हलला नाही. सकाळी दार उघडलं तर समोर अकरा स्पॅनिश गारठून मेलेले. त्यांना कुंपणाबाहेर पुरलं. कुऱ्हाडीचे घाव झाकायला दाराला पत्रा ठोकला. झालं. पुढची तीनशे वर्षं त्रिकोतो घराणं पहिल्या बाकावर बसलं, चर्चची किल्ली त्यांच्याकडे राहिली, आणि अडसराला हात लावायचा मानही त्यांचाच. सध्या तो मान सोलांजकडे होता. बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, फटकळ बाई. पण त्या अडसराला दरवर्षी जवसाचं तेल चोळायची ते घरच्या म्हाताऱ्या माणसाचे पाय चोळावेत तसं.

"नीट बघ," फ्लोरिमों म्हणाला. "वाकून."

ती वाकली. आधी नुसत्या रेघाच दिसल्या. मग त्या रेघा चार-चारच्या आहेत हे दिसलं. चार रेघा, शेजारी पुन्हा चार, वरून खाली ओढलेल्या. काही ठिकाणी लाकडाला उथळ खळगे पडले होते, कुणीतरी लाकडानेच लाकूड बडवावं तसे. सगळं कमरेच्या खाली. काही तर गुडघ्याच्या पातळीवर.

"शिपाई काय गुडघे टेकून हल्ला करतात का गं?" फ्लोरिमों म्हणाला. एरवी त्याच्या बोलण्यात चेष्टा असायची, आज नव्हती. त्याने हात आडवा धरून एका रेघेच्या वरच्या टोकाला टेकवला. "माझी धाकटी एवढी आहे. सहा वर्षांची."

सोलांजने त्या चार रेघांवर आपली चार बोटं ठेवली. बसली नाहीत. तिची बोटं फार मोठी होती.

"अगं आई गं," ती म्हणाली, आणि पायरीवरच बसली.

"पत्रा अर्ध्याच दाराला का, हे कधी कुणी विचारलं? कुऱ्हाड कुठे बसते? छातीशी. वरचं लाकूड उघडं आहे, त्यावर एक ओरखडा नाही. आपण सगळे ह्या दारातून बाप्तिस्म्याला गेलो, लग्नाला गेलो, आणि एकाच्याही टाळक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी सुतार आहे!"

सोलांजचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. ती बसल्यामुळे तिचे डोळे आता दाराच्या खालच्या भागासमोर आले होते, आणि तिथे सुरीने कोरलेली एक खूण होती. तीन उभ्या रेघा आणि शेवटच्या रेघेला गळासारखा वळलेला एक आकडा. ही खूण तिने आज सकाळीच पाहिली होती. तिच्या अंड्यांच्या टोपलीच्या बुडाला ती होती. गावातल्या प्रत्येक टोपलीच्या बुडाला होती. टोपल्या विणणाऱ्या ओनोरेबाबांच्या घराण्याची, ब्लोंदियोंची खूण.

"फ्लोरिमों," ती म्हणाली, "अडसराच्या रविवारी ओनोरेबाबा स्पॅनिश बनून दार कशाने ठोठावतात?"

"कशाने म्हणजे? लाकडी जोड्याने."

तो एवढं बोलला आणि त्याची नजर लाकडातल्या त्या खळग्यांकडे गेली. गोष्टीत फौज आली, घोडे आले, बंदुका आल्या, सगळं आलं. आणि त्या फौजेतला शिपाई शेतकऱ्याच्या लाकडी जोड्याने दार वाजवत होता. तीनशे वर्षं गाव हे ऐकत होतं, टाळ्या पिटत होतं.

*

अडसराचा रविवार म्हणजे डिसेंबरातला पहिला. सगळं गाव चर्चमध्ये शिरतं, सोलांज अडसर लावते. बाहेर एकटा ओनोरे ब्लोंदियो उभा. तो पायातला जोडा काढून दारावर एकदा मारतो, की आतून सगळे ओरडतात, "वाट धर!" आणि बाक बडवतात. तीनदा ठोठावणं, तीनदा "वाट धर!" मग सोलांजचा थोरला भाऊ गास्तों, जो गावाचा मेयर आहे, तो जाँ त्रिकोतोवर दरवर्षी तेच भाषण करतो. मग अडसर निघतो, ओनोरे आत येतो, पोरं "स्पॅनिश! स्पॅनिश!" करत त्याला अक्रोडाची टरफलं मारतात, आणि गाव वरच्या दालनात जाऊन कांद्याच्या पातीचं सूप आणि चीज घातलेला गरम टार्ट खातं. ओनोरेची वाटी शेवटची. ठरलेलंच आहे ते.

ब्लोंदियो हे गावाचे स्पॅनिश. त्यांचा मूळपुरुष म्हणे त्या फौजेतला मागे राहिलेला एक पोरगा, ज्याला गावाने दया करून जगू दिलं. टेकाडावरच्या वरच्या वाडीत एक रिकामं घर होतं, त्यात तो घुसला. सोलांजला आठवत होतं, आठ वर्षांची असताना तिने टरफल नव्हे, अख्खा अक्रोड नेम धरून मारला होता. तो ओनोरेच्या भुवईवर बसला, रक्त आलं. त्याने रुमालाने पुसलं आणि हसून म्हणाला, "नेम बरा आहे, पोरी. त्रिकोतोंचीच गं तू." सगळं चर्च हसलं होतं. तिच्या बापाने तिच्या पाठीवर शाबासकी दिली होती.

दुपारी गास्तों आला. मोटारीतून उतरतानाच कुरकुरत होता. दार पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. गास्तों बोलघेवडा होता, पण मूर्ख नव्हता.

"पत्रा परत ठोक," तो फ्लोरिमोंला म्हणाला.

"नाही बसायचा. चाळण झालीय त्याची."

"मग नवा आण."

"पुढच्या मंगळवारआधी मिळायचा नाही. तोवर रविवार गेला."

"गास्तों," सोलांज म्हणाली, "ही वरच्या वाडीची माणसं होती. आपलीच. उशिरा पोहोचली असणार, पोरंबाळं घेऊन. आणि आपण दार उघडलं नाही."

"आपण? तू होतीस तिथे? मी होतो?"

"अडसर कुणी धरला होता?"

गास्तोंने टोपी काढली, पुन्हा घातली. "हे बघ. बाहेर फौज असेल तर दार उघडतं कोण? आत चारशे माणसं. तू काय केलं असतंस?"

"ते मला नाही ठाऊक. पण नंतर मी त्यांना स्पॅनिश म्हटलं नसतं."

कुंपणापलीकडे गवताचा एक पट्टा होता, त्याला गाव 'स्पॅनिशांचा तुकडा' म्हणे. तिथे क्रूस नव्हता, फुलं नव्हती. शाळेतून येताना पोरं त्यावरून उडी मारायची आणि थुंकायची. सोलांजही थुंकली होती, गास्तोंही. दोघांनीही त्या क्षणी तिकडे पाहिलं, आणि दोघांनीही लगेच मान वळवली.

"म्हाताऱ्याला सांगू नकोस," गास्तों शेवटी म्हणाला. आता त्याचा आवाज मेयरचा नव्हता. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे तो. छातीचं दुखणं आहे. मुलगा शहरात, तो म्हणतोय मी ठोठावणार नाही म्हणून. हे शेवटचंच वर्ष धर. सत्तर वर्षं ज्याने हसून घेतलं, त्याला आता सांगून काय द्यायचंय? होऊ दे रविवार. मग बघू."

सोलांजला राग आला. पण खरं सांगायचं तर दार झाकलेलं राहावं असं तिलाही वाटत होतं. फ्लोरिमोंने दाराला गोणपाट ठोकलं आणि विचारेल त्याला सांगितलं की तेल ओलं आहे, हात लावू नका. चार दिवस सोलांज गप्प राहिली. चार दिवस ती त्या दारातून आत-बाहेर करताना श्वास धरून जायची. जेवण जाईना. अंड्यांची टोपली तिने उपडी करून कपाटावर ठेवली, मग ती खूणच वर आली म्हणून पुन्हा सुलटी केली. पहिल्या बाकावर बसायला गेली तर बसवेना. 'अगं, तू काय केलंयस?' ती स्वतःलाच विचारायची, आणि मग भुवईवर रुमाल धरलेला तो माणूस डोळ्यांसमोर यायचा.

गुरुवारी सकाळी तिने अंगात जाड कोट घातला आणि टेकाड चढायला लागली.

*

वरच्या वाडीत आता एकच घर उरलंय. सोलांज त्या घरी शेकडो वेळा गेली होती, पण दारावरच्या भिंतीकडे तिने मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. कोण बघतं? लाल विटांत काळ्या भाजक्या विटा बसवून आकडे आणि खुणा काढायची आपल्याकडची रीत, घरोघरी असतात. आज तिने पाहिलं. तीन उभ्या रेघा, तोच गळासारखा आकडा, आणि खाली साल: सोळाशे चोवीस.

ती तिथेच खिळून राहिली. गावाची गोष्ट म्हणत होती, स्पॅनिश पोरगा रिकाम्या घरात घुसला आणि खूण त्याने सोबत आणली. पण ही तर फौजेच्या सव्वीस वर्षं आधीची होती. मग ती खूण त्या रात्री चर्चच्या दाराबाहेर कुणी कोरली? घर रिकामं नव्हतंच. घराचा धनी दाराबाहेर बसून सुरीने आपलं नाव सांगत होता, कारण दुसरं काही लिहिता येत नव्हतं. आणि मागे वाचलेला तो पोरगा स्पॅनिश नव्हता, ह्याच घरचा होता.

"कोण आहे? सोलांज का?" आतून आवाज आला. "उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी? ये, चिकोरीची कॉफी उकळतेय."

ओनोरे ब्लोंदियो खिडकीपाशी टोपली विणत बसले होते. अंगाने वाळलेले, डोळे मात्र खट्याळ. शेजारी मांजर, समोर पाण्यात भिजत घातलेले विलो झाडाचे लवचीक फोक.

"रविवारची आठवण करून द्यायला आलीस? विसरलो नाही मी. जोडाही नवा केलाय. जुना फुटला, तुमचं दार काय साधं आहे!" ते हसले आणि खोकले. "शेवटचंच आता. पुढच्या वर्षी दुसरा स्पॅनिश शोधा बाबांनो."

"ओनोरेबाबा, जोडा बघू."

त्यांनी पलंगाखालून जोडा काढून दिला. पांढरं नवं लाकूड, आणि तळव्याला तीच खूण, ताजी कोरलेली.

"ही का कोरता?"

"का म्हणजे? माझा बाप कोरायचा म्हणून. त्याचा बाप कोरायचा म्हणून. स्पॅनिश अक्षर आहे म्हणतात." ते थांबले. "अगं, रडतेस काय? कोण गेलं?"

मग तिने सांगितलं. सांगताना तिची वाक्यं धड होईनात. पत्रा, रेघा, चार-चार बोटं, खूण, भिंतीवरचं साल. मध्ये एकदा तिने "आम्ही" म्हटलं, मग "जाँ त्रिकोतो" म्हटलं, मग पुन्हा "आम्ही". ओनोरेबाबांचे हात टोपलीवर थांबले. एक फोक त्यांच्या बोटांतून सुटला आणि सरळ होऊन पडला.

"किती उंचीवर?" त्यांनी विचारलं.

तिने उभं राहून आपल्या मांडीशी हात धरला. मग थोडा खाली नेला.

"म्हणजे लहान होतं," ते म्हणाले.

चिकोरी उतू जाऊन चुलीवर करपली, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"माझी आई मला सांगायची," ओनोरेबाबा म्हणाले, "की आपल्या रक्तात दरोडा आहे, म्हणून मान खाली घालून वागावं. गावाने ठेवून घेतलं हेच पुष्कळ. शाळेत कुणी मारलं तर उलट मारायचं नाही. चर्चमध्ये दाराजवळ बसायचं. लग्नाला विचारायला गेलो तर मारीच्या बापाने म्हटलं, मुलगी स्पॅनिशाला देतोय, जपून. मी म्हटलं, हो, जपेन. जपली मी तिला." त्यांनी खाली पडलेला फोक उचलून पाण्यात टाकला. "आणि त्या गवतावर मीसुद्धा थुंकायचो गं. मला वाटायचं, मी जास्त थुंकलो तर पोरं मला कमी चिडवतील. सगळ्यांत लांब मी थुंकायचो."

सोलांजला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. ती नुसती "बाबा, बाबा," म्हणत राहिली.

"चल," ते उठत म्हणाले. "मला दाखव."

टेकाड उतरायला त्यांना तासभर लागला. दर पन्नास पावलांवर थांबून ते छाती धरत. चर्चपाशी पोहोचल्यावर तिने गोणपाट वर केलं. ते गुडघ्यांवर बसले, खिशातून चष्मा काढला आणि लाकडाच्या अगदी जवळ तोंड नेलं. सुरीच्या खुणेवर त्यांनी अंगठा फिरवला. टोपली विणणाऱ्याचा अंगठा, जाड आणि चिरा पडलेला. ते रडतील असं तिला वाटलं होतं. रडले नाहीत. त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघवत नव्हतं. एखाद्याला भर रस्त्यात थोबाडीत बसावी आणि कुणी मारलं हेच कळू नये, तसं.

"रविवारी मी येणार," ते म्हणाले.

"अजिबात नाही! मी गावाला सांगते. आज संध्याकाळीच सांगते, गास्तोंला काय वाटेल ते वाटो."

"सांगितलेलं कोण ऐकतं, सोलांज? सांगितलेलंच तर ऐकत आलोय आपण तीनशे वर्षं." त्यांनी तिचा हात धरून उठायचा प्रयत्न केला. "मी ठोठावणार. तू अडसर धरायचास. आणि मी थांबेपर्यंत काढायचा नाहीस. कुणी काहीही म्हणो. वचन दे."

"बाबा, थंडी बघा. तुमची छाती..."

"तुझ्या आज्या-पणज्याने धरला ना रात्रभर? तुला पाव तास जमणार नाही?"

ते टोचून बोलले होते, आणि ते त्यांना शोभत होतं. तिने वचन दिलं.

*

रविवारी कडाक्याची थंडी होती. गाव आत जमलं, गुडघ्यांवर शाली, पोरांच्या खिशांत टरफलं. वरून सुपाचा वास येत होता. गास्तोंच्या हातात भाषणाचा कागद होता. तो बहिणीच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होता. सोलांजने दार लोटलं, भिंतीच्या पोटातून अडसर ओढला आणि तो पलीकडच्या खोबणीत बसवला. मग नेहमीप्रमाणे त्यावर हात ठेवून उभी राहिली. बाहेर गोणपाट फाटल्याचा आवाज आला. तो फक्त तिला आणि मागे उभ्या असलेल्या फ्लोरिमोंला कळला.

पहिली थाप पडली.

"वाट धर!" गाव गरजलं. बाक दणाणले.

दुसरी. "वाट धर!" तिसरी. "वाट धर!" हशा पिकला, पोरं बाकांवर चढली. गास्तोंने घसा खाकरला आणि कागद उलगडला.

चौथी थाप पडली.

"म्हातारा मोजायला विसरला!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा झाला. "वाट धर!" दोनचार आवाज उठले, एरवीपेक्षा कमी.

पाचवी. "अगं सोलांज, काढ अडसर, बाबा थंडीने कडक व्हायचा!" फळवाली ओदेत हसत म्हणाली. सोलांज हलली नाही. सहावी. आता कुणी ओरडलं नाही. रिकाम्या चर्चमध्ये घुमावी तशी थाप भरल्या चर्चमध्ये घुमली.

सातवी थाप खालून आली.

सोलांजच्या हाताखाली अडसर थरथरला. आत्तापर्यंत आवाज तिच्या खांद्याच्या उंचीवरून येत होता. आता तो मांडीपाशी होता. म्हातारा खाली बसला होता. आठवी थाप आणखी खालून आली, हलकी. एका लहान मुलीने आईला विचारलं, "आई, बाहेर कोण आहे?" आई म्हणाली, "गप्प, ओनोरेबाबाच तर आहेत." पण तिचा स्वर खात्रीचा नव्हता.

"दार उघडा!" पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "बाबांना काही झालं असेल!" "सोलांज, बहिरी झालीस का?" "उघड की गं!" दोन पुरुष उठून पुढे आले. सोलांज वळली आणि तिने अडसराला पाठ दिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिच्या मागे, तिच्या पाठीला जाणवेल अशी, नववी थाप पडली.

"नाही उघडायचं," ती म्हणाली. "आपण उघडत नाही. आपण कधीच उघडलं नाही."

पुढे आलेले पुरुष जागच्या जागी थांबले. गास्तोंच्या हातातला कागद खाली गेला. दहावी थाप आली, आणि तिच्यानंतर लाकडावर नखं ओढल्याचा आवाज, चार बोटांचा, सावकाश. त्या आवाजाने अख्खं गाव उभं राहिलं. एका पोराच्या खिशातली टरफलं फरशीवर सांडली.

अकरावी थाप इतकी हलकी होती की काहींना ती ऐकूच आली नाही. मग काही नाही.

सोलांजने अडसर सरकवला. तो दरवर्षी तिच्या एका हाताने सरकायचा. आज दोन्ही हात लागले. दार आत उघडतं, त्यामुळे त्याची बाहेरची बाजू वळून गावासमोर आली. दिवसाचा उजेड तिच्यावर तिरपा पडला आणि त्या रेघा एकेक करून उठल्या. चार-चारच्या. कमरेखाली. गुडघ्यापाशी. आणि त्यांच्यामध्ये ती खूण, जी तिथल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात होती. कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. ओदेतने तोंडावर हात दाबला. कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

ओनोरे ब्लोंदियो उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसले होते. एक पाय उघडा, निळा पडलेला. जोडा हातात होता. त्यांनी वर मान करून सगळ्या गावाकडे पाहिलं, जन्मात पहिल्यांदा असं सरळ.

"आम्हीच आहोत," ते म्हणाले.

अडसराच्या रविवारी काय काय म्हणायचं ते सोलांजला तोंडपाठ होतं, आणि त्यात हे एक वाक्य कधीच नव्हतं. ती वाकली, दोन्ही हात पुढे केले.

"आत या, बाबा."

ते लगेच उठले नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिलं, कुंपणापलीकडच्या त्या गवताच्या पट्ट्याकडे.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे," सोलांज म्हणाली.

तिने त्यांना धरून आत घेतलं, पहिल्या बाकापाशी नेलं, आणि गास्तों मुकाट्याने सरकला. दार तसंच उघडं राहिलं. गार वारा थेट वेदीपर्यंत येत होता, मेणबत्त्या विझत होत्या, लहान पोरं कुडकुडत होती, पण दार लावा असं कुणीही म्हटलं नाही.